ई-व्यापाराचे इंग्रजी शब्द : शेतकऱ्याने अर्थ जाणून वापरावे

मुळशी तालुक्याच्या एका अंगास हिंजवडी आहे. तेथील राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानात देशोदेशीच्या बँका, दुकाने व कारखाने यांची संगणकीय कामे करणाऱ्या कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत. त्याच तालुक्यात भरे हे गाव आहे. हिंजवडीच्या कचेऱ्यांतून जे शब्द रोज सहज उच्चारले जातात, तेच शब्द आता भरे येथील शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येऊन पोहोचले आहेत. सर्व्हर, लिंक, ओटीपी, क्यूआर, ऑर्डर, रिफंड, अपलोड हे शब्द आज घरोघरी ऐकू येतात. परंतु शब्द कानावर येणे निराळे आणि त्याचा अर्थ कळणे निराळे. अर्थ न कळता केलेल्या एका होकाराने वर्षाच्या भाताचे पैसे क्षणात जाऊ शकतात. यास्तव या शब्दांचा विचार गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधुभगिनींनी एखाद्या नव्या अवजाराचा करावा तसा करणे अगत्याचे आहे. अवजार कोठे धरावे आणि त्याची धार कोणत्या बाजूस आहे, या दोन्ही गोष्टी ठाऊक असल्या म्हणजे ते उपयोगी पडते.

परक्या शब्दांचे भय नको

परभाषेतील शब्द शेतकऱ्याच्या घरी प्रथमच येत आहेत असे नाही. हिशेब, जमीन, वसूल, तगाई हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आले आणि मराठीच्या घरचेच झाले. बटाटा हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ नारायण हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला व कारभारातील फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. अलीकडच्या काळात, १९६० साली, महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले व शासनव्यवहारासाठी मराठी परिभाषा घडविण्याचे कार्य त्याकडे सोपविले. त्या परंपरेतील ‘संगणक’ हा शब्द लोकांनी उचलला. ‘भ्रमणध्वनी’ मात्र कागदावर राहिला आणि जिभेवर ‘मोबाइल’च रुळला.

शेतीतही असेच घडले. १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा ‘ब्लॉक’, ‘सुपरफॉस्फेट’ हे शब्द गावकऱ्यांस अवघड वाटत. १९६४ साली सी.एस.एच.-१ हे संकरित ज्वारीचे वाण आले आणि थोड्याच वर्षांत ‘हायब्रीड’ हा शब्द निरक्षर माणसाच्याही तोंडी बसला. कोणी शब्दकोश उघडून तो शिकविला नव्हता. कणीस डोळ्यांनी पाहिले, बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते हे अनुभवले, आणि शब्दाचा अर्थ पक्का झाला. ई-व्यापाराचे शब्दही याच रीतीने, म्हणजे प्रत्यक्ष करून व पाहून, शिकता येतील.

इंटरनेट, सर्व्हर, अपलोड

‘इंटरनेट’ म्हणजे अनेक जाळ्यांचे मिळून झालेले एक महाजाल. मराठीत त्यास आंतरजाल असेही म्हणतात. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने ही सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. कालवा, पाट व चारी यांतून पाणी जसे शेतापर्यंत पोहोचते, तशी माहिती तारांतून व लहरींतून मोबाइलपर्यंत पोहोचते. भेद इतकाच की, या पाटातून दोन्ही दिशांनी प्रवाह चालतो.

‘सर्व्हर’ म्हणजे नोंदी सांभाळणारा व मागेल त्यास उत्तर देणारा मोठा संगणक. जुन्या कचेरीतील दप्तरखाना व कारकून या दोघांचे काम तो एकटा करतो. ‘सर्व्हर डाउन आहे’ असे सांगण्यात आले म्हणजे दप्तरखान्याचे दार तात्पुरते बंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. नोंदी नाहीशा झाल्या असा अर्थ नाही. अशा वेळी घाबरून एखाद्या अपरिचित मध्यस्थास पैसे देऊ नयेत. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.

सर्व्हरवरील वस्तू आपल्या मोबाइलवर उतरवून घेणे हे ‘डाउनलोड’, आणि आपल्या मोबाइलवरील वस्तू सर्व्हरवर चढविणे हे ‘अपलोड’. ‘सेव्ह’ म्हणजे नुसते जपून ठेवणे. या तीन शब्दांतील भेद पीक पाहणीच्या वेळी फार महत्त्वाचा ठरतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्यास आपल्या पिकाची नोंद स्वतः करता येऊ लागली. शेतात उभे राहून छायाचित्र काढले आणि नोंद ‘सेव्ह’ झाली, तरी ती अजून मोबाइलमध्येच असते. डोंगराच्या आडोशास लहरी पोहोचत नसतील, तर ती नोंद सर्व्हरवर गेलेली नसते. ‘अपलोड’ पूर्ण झाल्याचा संदेश दिसल्यावाचून काम संपले असे मानू नये. गाव नमुना बारा हा पिकांच्या नोंदीचा नमुना आहे. त्यात भात नोंदले गेले नाही, तर अतिवृष्टीची भरपाई, पीक विमा किंवा शासकीय खरेदी यांच्या वेळी शेतकऱ्यास अडचण येते. अशा रीतीने एका शब्दाचा अर्थ न कळल्याने उभे पीक कागदावर दिसेनासे होते.

पत्ता आणि लिंक

प्रत्येक संकेतस्थळास एक पत्ता असतो. ‘लिंक’ म्हणजे त्या पत्त्याकडे नेणारी वाट. वाट दाखविणारा माणूस ओळखीचा असला तरी वाट कोठे जाते हे पाहणे आवश्यक असते, कारण तोही फसलेला असू शकतो.

पत्ता वाचण्याची एक रीत आहे. पहिली तिरपी रेघ येईपर्यंतचा भाग घ्यावा व त्याचा शेवट पाहावा. घरमालक कोण हे तेथे कळते. भारतातील शासकीय संकेतस्थळांच्या पत्त्याचा शेवट बहुधा ‘गव्ह डॉट इन’ असा असतो. महाभूलेखाचा पत्ता ‘भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे. ‘महाभूमी’ किंवा ‘गव्ह’ ही अक्षरे पत्त्याच्या आरंभी अथवा मध्ये कोणासही घालता येतात, म्हणून ती नुसती दिसल्याने विश्वास ठेवू नये. शेवटचे शब्द निराळे असतील तर ते घरही निराळे आहे असे समजावे.

शहरालगतच्या मुळशी तालुक्यात जमिनीचे व्यवहार मोठ्या प्रमाणात होतात. तेथे ही दक्षता विशेष हवी. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये शुल्क भरून शासनाच्या संकेतस्थळावरून मिळतो. त्यावर १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. ‘डिजिटल स्वाक्षरी’ म्हणजे स्वाक्षरीचे छायाचित्र नव्हे. तो गणिती पद्धतीने उमटविलेला शिक्का असून दस्तऐवजात एक अक्षर बदलले तरी तो जुळत नाही. म्हणूनच कोणी कागद पुढे केला असता पडताळणी क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर घालून तो खरा आहे की नाही हे स्वतः पाहावे.

पिन, पासवर्ड, ओटीपी

‘पासवर्ड’ यास मराठीत चांगला जुना शब्द आहे : परवलीचा शब्द. गडाचे दरवाजे बंद झाल्यावर आत येणाऱ्यास पहारेकरी परवली विचारी. परवली सांगणारा माणूस आत जाई, मग तो मित्र असो वा शत्रू. पहारेकऱ्याच्या हाती ओळखीचे दुसरे साधन नसे. बँकेचा संगणकही तसाच आहे. जो बरोबर अंक घालील त्यास तो खातेदार समजतो.

‘पिन’ ही चार किंवा सहा अंकांची कायमची परवली. ‘ओटीपी’ ही एकाच वेळेपुरती परवली. काही मिनिटांनी ती निकामी होते. अल्पजीवी असली तरी तेवढ्या वेळात तिचे सामर्थ्य पुरे असते. बँकेचा अधिकारी, कृषी विभागाचा कर्मचारी किंवा महसूल खात्याचा माणूस असल्याचे सांगून कोणी दूरध्वनीवरून ओटीपी विचारला, तर तो कदापि सांगू नये. शेतकरी ओळख क्रमांक, अर्थात ‘फार्मर आयडी’, १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी आवश्यक करण्यात आला. अशा नोंदणीसाठी सुविधा केंद्रात शेतकरी स्वतः उपस्थित असता त्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो समक्ष दिला जातो. समक्ष चालू असलेल्या कामासाठी ओटीपी देणे आणि अनोळखी आवाजास तो सांगणे, या दोहोंतील अंतर गावातील प्रत्येकास समजावून दिले पाहिजे.

क्यूआर, स्कॅन, यूपीआय

भात झोडणी व भरडणीनंतर भरे येथील एका शेतकऱ्याने काही पोती इंद्रायणी तांदूळ पुण्यातील गिऱ्हाइकांस विकावयाचे ठरविले असे धरावे. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राचे. मुळशी-मावळात ते चांगले रुजले आहे. मोबाइलवर तांदळाची जाहिरात दिली जाते. थोड्या वेळाने एक अनोळखी गिऱ्हाईक दूरध्वनी करते, भावाची घासाघीस न करता सर्व पोती घेण्याचे मान्य करते आणि म्हणते, “आगाऊ रक्कम पाठवतो. मी पाठवलेला क्यूआर स्कॅन करा, पिन घाला, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील.” या एका वाक्यात सारी फसवणूक आहे, आणि ज्यास शब्दांचे अर्थ ठाऊक आहेत त्यास ती तत्काळ दिसते.

‘क्यूआर’ हा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा नमुना जपानातील डेन्सो वेव्ह या कंपनीने १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी शोधून काढला. १९५३ च्या सुमारास जपानी भातशेतीची पद्धत आपल्याकडे आली, त्यानंतर चार दशकांनी निर्माण झालेले हे दुसरे जपानी साधन आज भाताच्या विक्रीत उपयोगी पडत आहे. त्या चौकटीत पैसे नसतात. तीत नुसता पत्ता लिहिलेला असतो. पैसे कोणाकडे जावयाचे तो पत्ता. ‘स्कॅन’ म्हणजे तो पत्ता मोबाइलने वाचणे. ‘यूपीआय’ ही एका खात्यातून दुसऱ्या खात्यात तत्काळ पैसे नेणारी व्यवस्था असून भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने ती ११ एप्रिल २०१६ रोजी सुरू केली.

यावरून एक सोपा नियम निघतो : पैसे देणारा स्कॅन करतो, पैसे घेणारा आपला क्यूआर दाखवितो. पिन ही तिजोरीची किल्ली आहे. तिजोरीतून पैसे काढताना ती लागते. कोणी आपल्या हातात पैसे ठेवीत असता किल्ली लागत नाही. तेव्हा पैसे येण्यासाठी पिन घालावयास सांगणारा मनुष्य गिऱ्हाईक नव्हे, हे निश्चित जाणावे.

याच ठिकाणी आणखी दोन शब्द शिकून ठेवावेत. ‘क्रेडिटेड’ म्हणजे खात्यात जमा झाले. ‘डेबिटेड’ म्हणजे खात्यातून गेले, वहीच्या भाषेत नावे पडले. रक्कम जमा झाल्याचे खोटे संदेशही धाडले जातात. म्हणून आलेल्या संदेशावर विसंबून पोती गाडीत चढवू नयेत. खात्यातील शिल्लक स्वतः पाहावी व मगच माल हलवावा.

ॲप, इन्स्टॉल, परमिशन

‘ॲप’ म्हणजे मोबाइलकडून एखादे विशिष्ट काम करवून घेणारी आज्ञावली. ‘इन्स्टॉल’ करणे म्हणजे तिला मोबाइलमध्ये बिऱ्हाड करू देणे. बिऱ्हाडकरू ठेवताना त्याची माहिती काढली जाते. येथेही तेच करावे. ‘एपीके’ ही अँड्रॉइड मोबाइलमध्ये ॲप बसविण्याची फाइल होय. पी.एम. किसान अथवा अन्य योजनेचे नाव देऊन अशा फाइली व्हॉट्सॲपवर पाठविल्या जातात व त्यांतून फसवणूक होते. ती फाइल उघडली की ॲप ‘परमिशन’ म्हणजे परवानगी मागते : संदेश वाचण्याची, संपर्क पाहण्याची. ‘अलाउ’ म्हणजे परवानगी दिली. संदेश वाचण्याची परवानगी मिळाल्यावर चोरास ओटीपी विचारण्याचीही गरज उरत नाही. तो स्वतःच वाचतो. यास्तव संदेशातून आलेली एपीके फाइल उघडू नये. ॲप घ्यावयाचे ते मोबाइलच्या अधिकृत भांडारातून घ्यावे आणि कोणत्या खात्याने ते काढले आहे हे पाहावे.

ऑर्डर, रिफंड, आय ॲग्री

बियाणे, औषधे व अवजारे घरबसल्या मागविण्याची सोय आता झाली आहे. ‘ऑर्डर’ म्हणजे मागणी. ‘कार्ट’ म्हणजे घ्यावयाच्या वस्तू ठेवण्याची टोपली. ‘सेलर’ म्हणजे प्रत्यक्ष विक्रेता. संकेतस्थळ ही पुष्कळदा केवळ बाजारपेठ असते व विक्रेता निराळा असतो, म्हणून विक्रेत्याचे नाव-पत्ता पाहून ठेवावा. ‘रिटर्न’ म्हणजे माल परत करणे व ‘रिफंड’ म्हणजे पैसे परत मिळणे. एक झाले म्हणजे दुसरे आपोआप होतेच असे नाही. दोहोंच्या अटी वाचाव्यात.

बियाण्याच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीस निळी खूणचिठ्ठी व पायाभूत बियाण्यास पांढरी खूणचिठ्ठी असते. पिशवी, खूणचिठ्ठी, बिल व मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. मोबाइलवरील चित्र उगवत नाही. तक्रारीच्या वेळी या वस्तूच साक्ष देतात. ई-व्यापारासंबंधीचे ग्राहक संरक्षण नियम २०२० साली अंमलात आले. त्यांनुसार अशा प्रत्येक व्यापारी संस्थेने तक्रार अधिकारी नेमावयाचा असून त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावयाची व एका महिन्यात तिचे निवारण करावयाचे असते. ग्राहक साहाय्यासाठी राष्ट्रीय क्रमांक १९१५ आहे.

सर्वांत दुर्लक्षिला जाणारा शब्दसमूह म्हणजे ‘आय ॲग्री’. त्याचा अर्थ ‘मला मान्य आहे’. या शब्दांवर बोट टेकणे आणि दस्तावर अंगठा उठविणे यांत तत्त्वतः भेद नाही. याच पुणे जिल्ह्यातील सुपे येथे मे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे हिसकावून कर्जरोखे जाळले. ज्या कागदांवर त्यांनी अंगठे दिले होते, त्यांतील शब्द अनेकांस वाचता येत नव्हते. त्या उद्रेकानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर करण्याची तरतूद त्यात झाली. शेतकऱ्याने मान्य केलेली गोष्ट त्यास कळली पाहिजे, हे त्या तरतुदीमागील तत्त्व होते. कर्ज देणाऱ्या काही ॲपांच्या अटी पाहिल्या म्हणजे त्या तत्त्वाची आजही तितकीच निकड आहे हे ध्यानात येते. व्याज किती, हप्ता केव्हा, दंड किती, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून ‘आय ॲग्री’वर बोट ठेवू नये.

लॉट आणि बिड

राष्ट्रीय कृषी बाजार म्हणजे ई-नाम ही योजना १४ एप्रिल २०१६ रोजी ८ राज्यांतील २१ बाजारांत सुरू झाली. तीत ‘लॉट’ म्हणजे एका शेतकऱ्याचा एकत्र विक्रीस ठेवलेला माल, ‘ग्रेड’ म्हणजे प्रत आणि ‘बिड’ म्हणजे बोली. पूर्वी काही बाजारांत रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची हत्ता पद्धत होती. मालाच्या धन्यास स्वतःच्याच मालाचा भाव दिसत नसे. उघड लिलावाने तो रुमाल दूर केला. ई-लिलावात दूरच्या व्यापाऱ्यासही बोली लावता यावी असा हेतू आहे. मात्र ‘लॉट’, ‘ग्रेड’, ‘बिड’ हे शब्द ज्यास कळत नाहीत, त्याच्यापुरता रुमाल पुन्हा पडतो.

फसवणूक झाल्यास

एवढी दक्षता घेऊनही पैसे गेले, तर लज्जेने गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर त्याच क्षणी कळवावे, बँकेसही तत्काळ कळवावे व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने हलवितो. वाटेतच ते अडविले तर परत मिळण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असता बँकेस कळवेपर्यंतचा भार त्याच्यावर राहतो, परंतु कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावयाचे. म्हणून शरमेपोटी घालविलेला प्रत्येक तास शेतकऱ्यास महाग पडतो. आलेले संदेश व क्रमांक पुसून टाकू नयेत. तो पुरावा आहे.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे शब्द व्याख्यान देऊन शिकविण्यापेक्षा प्रात्यक्षिकाने शिकवावेत. खरिपापूर्वी एक व सुगीनंतर एक अशा दोन बैठका घ्याव्यात. पहिलीत अपलोड, ओटीपी, सेलर व रिफंड. दुसरीत क्यूआर, पिन, क्रेडिटेड व बिड, एवढे शब्द पुरे आहेत. एक रुपया एका मोबाइलवरून दुसऱ्यावर पाठवून दाखवावा, आणि पैसे घेणाऱ्यास पिन लागली नाही हे सर्वांस पाहू द्यावे. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य सहसा फसत नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर आठवड्यास एक शब्द, त्याचा मराठी अर्थ व एक सावधगिरीची सूचना लिहावी. बैठकीस स्त्रियांना आवर्जून बोलवावे, कारण बचत गटाचे व घरखर्चाचे व्यवहार आता त्यांच्याही मोबाइलवर होतात. शाळेत जाणारी मुले हे शब्द लवकर उचलतात. त्यांच्याकडून घरातील वडीलधाऱ्यांस वाचून दाखविण्याचे काम करून घ्यावे. मात्र पिन मुलांच्याही हाती देऊ नये.

भरे येथील शेतकऱ्यास इंग्रजी भाषा अवगत व्हावी अशी कोणाची अट नाही. ज्या वीस-पंचवीस शब्दांवर त्याच्या घामाचे पैसे अवलंबून आहेत, त्यांचा अर्थ त्यास कळावा एवढेच पुरे. रोपे ओळखल्याशिवाय कोणी भाताची बेणणी करीत नाही. तण कोणते व रोप कोणते हे आधी पाहतो आणि मग हात घालतो. मोबाइलवर बोट टेकण्यापूर्वीही तेवढेच थांबावे, शब्द वाचावा, न कळल्यास विचारावे, आणि मगच पुढे जावे.